श्वेतपेशींवरील खुणा : इंडियम आणि टेक्नेशियम यांचा तुलनात्मक अभ्यास

पायात बाभळीचा काटा मोडला आणि तो काढायचा राहून गेला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, ठणकू लागते, सुजते आणि पुढे तेथे पू धरतो, हे सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेल्या कोणत्याही मुलाला शिकवावे लागत नाही. हा पू म्हणजे काय, हे मात्र शिकवावे लागते. पू म्हणजे मुख्यत्वे जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या रक्तपेशींचा साठा होय. काट्याचाच प्रयोग करून ही गोष्ट प्रथम ज्याच्या लक्षात आली, तो रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात गुलाबाचे काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा फिरत्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातलेला होता. १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत प्लेगची लस तयार करणारा वाल्डेमार हाफकिन हा याच मेचनिकॉफचा ओडेसा येथील विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाने आहे. परळचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून हे येथे नोंदवून ठेवतो.

पायातला काटा दिसतो. हाडाच्या आत, पोटाच्या खोल भागात किंवा बसविलेल्या कृत्रिम सांध्याच्या मागे जंतू शिरले, तर ते दिसत नाहीत. रुग्णाला ताप असतो, वेदना असतात, रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्याही वाढलेली असते, पण नेमके ठिकाण सापडत नाही. अशा वेळी वैद्यकशास्त्राने एक युक्ती योजिली. जंतू कोठे आहेत हे आपल्याला ठाऊक नसले, तरी पांढऱ्या पेशींना ठाऊक असते. तेव्हा रुग्णाच्याच काही पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर काढाव्यात, त्यांच्यावर किरणोत्सारी द्रव्याची खूण करावी, त्या पुन्हा त्याच्याच शिरेत सोडाव्यात आणि त्या कोठे जाऊन जमतात हे गॅमा कॅमेऱ्याने बाहेरून पाहावे. युक्ती सांगायला सोपी आहे. प्रश्न उरतो तो एकच, की खूण कशाने करावी?

आम्ही इतिहासाचे शिक्षक. विज्ञानाचा तास आमचा नव्हे. तथापि दोन साधनांची तुलना कशी करावी, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकालाही रोज पडतो. ताम्रपट श्रेष्ठ की बखर श्रेष्ठ, असे कोणी विचारले, तर आम्ही उलट विचारतो, कोणत्या प्रश्नासाठी? किरणोत्सारी खुणांचा अभ्यास करताना आम्हांला हेच पदोपदी आढळले. म्हणून वसतिगृहातील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी हा लेख लिहीत आहोत. याचा खान्देशाशी संबंध काय, ते लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

खूण करून मागोवा घेण्याची कल्पना जॉर्ज द हेवेशी या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. १९११ च्या सुमारास तो मँचेस्टरला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. शिशापासून ‘रेडियम-डी’ नावाचा किरणोत्सारी पदार्थ वेगळा करून दे, असे रदरफोर्डने त्याला सांगितले. पुष्कळ खटपट करूनही ते जमेना, कारण रेडियम-डी हे शिशाचेच किरणोत्सारी रूप होते. तेव्हा हेवेशीने विचार उलटा फिरविला. दोन्ही वेगळे होतच नसतील, तर शिशाचा प्रवास शोधण्यासाठी रेडियम-डी हीच उत्तम खूण ठरेल. याच हेवेशीची एक गोष्ट वसतिगृहातील मुलांना विशेष आवडेल. तो ज्या खानावळीत राहत असे, तेथील मालकीण उरलेले अन्न पुन्हा दुसऱ्या पदार्थांत घालून वाढते, असा त्याला संशय होता. ती मान्य करीना. मग त्याने आपल्या पानातील उरलेल्या अन्नात चिमूटभर किरणोत्सारी द्रव्य मिसळले आणि पुढे ताटात आलेला पदार्थ विद्युतदर्शकाने तपासला. खूण सापडली. (आमच्या भोजनगृहाच्या सेवकवर्गाने ही गोष्ट मनावर घेऊ नये.) १९४३ या वर्षाचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हेवेशीला याच मागोवा-पद्धतीसाठी देण्यात आले.

पांढऱ्या पेशींवर खूण करायची, तर ती खूण कशी असावी? पहिली गोष्ट, ती पेशीच्या आत शिरली पाहिजे आणि शिरल्यावर आतच राहिली पाहिजे. बाहेर गळाली, तर आपण पेशीचा नव्हे, गळालेल्या द्रव्याचा पाठलाग करू. दुसरी गोष्ट, खुणेने पेशीला इजा होता कामा नये. पांढऱ्या पेशी, त्यांतही जंतूंवर प्रथम धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी, फार नाजूक असतात. जोराने हलविले, उष्णता लागली, तरी त्या बिघडतात, आणि बिघडलेल्या पेशी फुप्फुसांतच अडकून राहतात. तिसरी गोष्ट, खुणेतून निघणारा किरण शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्यात नीट टिपला गेला पाहिजे. चौथी गोष्ट, तिचे अर्धायुष्य तपासणीला पुरेल एवढे असावे, पण रुग्णाच्या अंगात विनाकारण रेंगाळेल एवढे नसावे. अर्धायुष्य म्हणजे किरणोत्सारी द्रव्य निम्मे उरण्यास लागणारा काळ. दहावीच्या विद्यार्थ्यांना हे माहीत आहे.

सुरुवातीच्या काळात वापरलेल्या खुणा या कसोट्यांवर कशा उतरल्या, ते थोडक्यात पाहू. फॉस्फरस-३२ चे अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचे आहे, पण त्यातून केवळ बीटा कण निघतात. ते शरीरातच शोषले जात असल्याने चित्र काढता येत नाही. रक्ताचे नमुने घेऊन पेशी किती काळ जगतात एवढेच मोजता येते. क्रोमियम-५१ मधून गॅमा किरण निघतात खरे, पण शंभर अणूंचा ऱ्हास झाला, तर जेमतेम दहा अणूंमधून. त्यांची ऊर्जा ३२० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे कॅमेऱ्याच्या दृष्टीने जास्त, आणि अर्धायुष्य जवळजवळ २८ दिवस. तांबड्या पेशींच्या अभ्यासात क्रोमियमने मोठी कामगिरी बजावली. पांढऱ्या पेशींचे चित्र मात्र त्याला साधले नाही.

या विषयाला खरे वळण लागले ते १९७६ साली. जॉन मॅकॅफी आणि एम. एल. ठाकूर या दोन संशोधकांनी पांढऱ्या पेशींवर खूण करू शकतील अशी अनेक किरणोत्सारी द्रव्ये एकामागून एक तपासली. विद्राव्य द्रव्ये वेगळी आणि कणरूप द्रव्ये वेगळी, अशी त्यांची पाहणी दोन भागांत प्रसिद्ध झाली. इतिहासाच्या माणसाला या पाहणीचे महत्त्व चटकन कळते. एखादे द्रव्य मनात धरून त्याचे समर्थन करण्याऐवजी, सर्वांना एकाच कसोटीवर घासून मग निवड करणे, अशी तिची रीत होती. त्या पाहणीत इंडियम-१११ आणि ऑक्सिन यांचे संयुग सरस ठरले. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या स्वतःच्या पेशींवर ही खूण करून मिळविलेले निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

इंडियम या नावाविषयी दोन ओळी. हे मूलद्रव्य १८६३ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे राइख आणि रिक्टर यांना सापडले. राइख रंगांध होता. म्हणून वर्णपटातील रंगांच्या रेषा पाहण्याचे काम रिक्टरने केले आणि त्याला एक गडद निळी रेषा दिसली. निळीला युरोपात ‘इंडिगो’ म्हणत, कारण ती हिंदुस्थानातून येई. रेषेच्या त्या रंगावरून इंडियम हे नाव पडले. आपल्या देशाच्या नावाचा अंश असा एका धातूत जाऊन बसला आहे.

ऑक्सिनचे काम मोठे मजेशीर आहे. पेशीचे आवरण स्निग्ध असते. नुसता इंडियमचा आयन त्यातून आत जाऊ शकत नाही. ऑक्सिनचे तीन रेणू इंडियमच्या एका अणूला वेढून घेतात, तेव्हा ते संयुग स्निग्ध पदार्थात विरघळणारे होते आणि आवरणातून सहज आत शिरते. आत गेल्यावर पेशीतील प्रथिने इंडियमला अधिक घट्ट पकडतात. ऑक्सिन मोकळे होऊन बाहेर पडते, इंडियम आतच राहते. टपालवाल्याने घरात पत्र टाकून निघून जावे, तसे. अडचण अशी, की रक्तद्रवातील ट्रान्सफेरिन हे प्रथिनही इंडियमला ओढून घेते. म्हणून खूण करण्यापूर्वी पेशी रक्तद्रवातून धुऊन वेगळ्या कराव्या लागतात, आणि रक्तद्रवाविना राहणे पेशींना मानवत नाही. शिवाय ऑक्सिन निवड करीत नाही. तांबड्या पेशी, बिंबाणू, लसीकापेशी, जे समोर येईल त्यावर ते खूण करते. म्हणून पेशी वेगळ्या करण्याचे काम जितके नेटके, तितके चित्र खरे. पुढे ट्रोपोलोन नावाचे दुसरे वाहक द्रव्य आले. त्याच्या साहाय्याने रक्तद्रवात ठेवूनच खूण करता येऊ लागली.

आता दुसऱ्या द्रव्याकडे वळू. टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली पालेर्मो येथे पेरिए आणि सेग्रे यांनी ओळखले. ते निसर्गात जवळजवळ सापडत नाही. ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव आले आहे. त्याचे टेक्नेशियम-९९एम हे रूप आज जगभरातील आण्विक वैद्यकात सर्वाधिक वापरले जाते. त्याचे अर्धायुष्य अवघे ६ तास आणि गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट. गॅमा कॅमेरा जणू याच ऊर्जेसाठी घडविला आहे. पांढऱ्या पेशींत त्याला पोहोचविणारे वाहक मात्र उशिरा मिळाले. मेंदूतील रक्तप्रवाह पाहण्यासाठी तयार केलेले ‘एचएमपीएओ’ हे संयुग पांढऱ्या पेशींतही शिरते आणि आत गेल्यावर त्याचे रूप पालटून तेथेच अडकते, हे दिसून आले. १९८६ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील पीटर्स आणि सहकाऱ्यांनी या खुणेने दाहाची चित्रे प्रसिद्ध केली. एचएमपीएओची एक खोड उपयोगाचीच ठरली. मिश्र पांढऱ्या पेशी दिल्या, तर ते न्यूट्रोफिलसारख्या कणयुक्त पेशींकडे अधिक वळते, आणि रक्तद्रवाच्या सान्निध्यातही काम करते.

येथे विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल घ्यावी. मुंबईहून जळगाव लोहमार्गाने सव्वाचारशे किलोमीटरांच्या आसपास आहे. गाडीला सात-आठ तास लागतात. समजा, सकाळी सहा वाजता मुंबईत टेक्नेशियमचे शंभर भाग डब्यात भरले. दुपारी बारा वाजता पन्नास उरतील, संध्याकाळी सहाला पंचवीस, मध्यरात्री साडेबारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सव्वासहा. मग दूरच्या रुग्णालयांना टेक्नेशियम मिळते कसे? त्याचे उत्तर त्याच्या जनकात आहे. टेक्नेशियम-९९एम हे मॉलिब्डेनम-९९ च्या ऱ्हासातून निर्माण होते, आणि मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तासांचे आहे. एक दिवसाच्या प्रवासानंतरही त्याचे शंभरातील अठ्ठ्याहत्तर भाग शिल्लक असतात. म्हणून रुग्णालयात टेक्नेशियम नव्हे, मॉलिब्डेनम पाठवितात. शिशाच्या जाड आवरणातील त्या उपकरणाला ‘जनरेटर’ म्हणतात आणि त्यातून रोज सकाळी मिठाच्या पाण्याने ताजे टेक्नेशियम उतरवून घेतात. या क्रियेला आण्विक वैद्यकातील मंडळी ‘दोहणे’ म्हणतात. गाय गोठ्यात बांधावी आणि दूध रोज काढावे, तसलाच हा व्यवहार आहे. हा जनरेटर अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला.

या बाबतीत महाराष्ट्राची भूमी मागासलेली नाही. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांत तिची गणना होते. पुढे ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ या मोठ्या अणुभट्ट्या आल्या आणि वैद्यकीय समस्थानिके देशात तयार होऊ लागली. १९६३ साली परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. आण्विक वैद्यकातील भारतीय डॉक्टर व तंत्रज्ञ घडविण्याचे मोठे काम या केंद्राने केले. हाफकिनचे परळ ते हेच. तेथे प्लेगची लस झाली, तेथेच पुढे किरणोत्सारी औषधांची विद्या रुजली. १९८९ पासून विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळ, ज्याला ‘ब्रिट’ म्हणतात, रुग्णालयांना ही द्रव्ये पुरविते. स्वतःचे उत्पादन असण्याचे मोल २००९ साली जगाला कळले. त्या वर्षी कॅनडातील चॉक रिव्हर येथील जुनी अणुभट्टी दुरुस्तीसाठी वर्षभराहून अधिक काळ बंद राहिली आणि मोठमोठ्या देशांतील रुग्णालयांत मॉलिब्डेनमची टंचाई झाली.

इंडियम-१११ ची गोष्ट वेगळी. ते अणुभट्टीत नव्हे, तर सायक्लोट्रॉनमध्ये कॅडमियमवर प्रोटॉनांचा मारा करून मिळवितात. त्याला जनरेटर नाही. रुग्णालयाने आधी मागणी नोंदवावी, ठरल्या दिवशी ते यावे आणि रुग्णही त्याच दिवशी हजर असावा, असा मेळ घालावा लागतो. ते महागही पडते. मात्र त्याचे अर्धायुष्य २.८ दिवसांचे असल्याने ते प्रवास सोसते.

वाचकाला वाटेल, मग रुग्णाचे रक्तच मुंबईला पाठवावे. तसे करता येत नाही. मोठ्या माणसाचे साधारण पन्नास मिलिलिटर रक्त घेतात. तांबड्या पेशी तळाशी बसेपर्यंत ते स्थिर ठेवतात, वरचा थर हलक्या हाताने घेऊन अपकेंद्री यंत्रात मंद गतीने फिरवितात, खुणेचे द्रव्य घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवतात, न चिकटलेले द्रव्य धुऊन काढतात आणि पेशी पुन्हा शिरेत सोडतात. हे सारे दोन-तीन तासांत आटोपावे लागते, नाहीतर पेशींची धावण्याची शक्ती जाते. टेक्नेशियमच्या बाबतीत आणखी एक अट आहे. एचएमपीएओसाठी जनरेटरमधून नुकतेच उतरविलेले टेक्नेशियम लागते. शिळे चालत नाही. या कामाला निर्जंतुक कक्ष हवा, शिकलेला हात हवा आणि अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना हवा. सर्वांत मोठी दक्षता नावाची. एकाचे रक्त दुसऱ्याच्या शिरेत गेले, तर प्राणाशी गाठ. म्हणून प्रत्येक नळीवर रुग्णाचे पूर्ण नाव आणि क्रमांक लिहितात आणि टोचण्यापूर्वी तो पुन्हा ताडून पाहतात. आपल्या भागात एकाच गावात एकाच नावाचे चार जण सहज निघतात. तेव्हा पालकांनी तेथे मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव स्पष्ट सांगावे. विचारले नाही, तरी सांगावे.

आता दोघांना समोरासमोर उभे करू. चित्राच्या स्पष्टतेत टेक्नेशियम पुढे आहे, कारण त्याची मात्रा पुष्कळ देता येते. प्रौढाला टेक्नेशियमची खूण १८५ ते ३७० मेगाबेकरेल इतकी देतात, तर इंडियमची १० ते १८ च्या घरात. तरीही शरीरावर होणारा एकूण विकिरणाचा भार टेक्नेशियमचा कमी असतो, सुमारे दोन ते चार मिलिसिव्हर्ट. इंडियमचा भार सहा-सात मिलिसिव्हर्टपर्यंत जातो आणि त्यातही प्लीहेच्या वाट्याला फार मोठा हिस्सा येतो. लहान मुलांच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही. वेळेच्या दृष्टीनेही टेक्नेशियम सोयीचे. सकाळी खूण केली, तर त्याच दिवशी चित्रे मिळू लागतात, आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या दिवशी एक चित्र घेतात.

इंडियमचे बळ त्याच्या चिकाटीत आहे. ते पेशीतून सुटत नाही. टेक्नेशियमचे संयुग मात्र काही प्रमाणात पेशीबाहेर गळते आणि यकृतावाटे आतड्यांत व मूत्रपिंडांवाटे मूत्राशयात उतरते. म्हणून काही तासांनी पोटाच्या चित्रात आतडे उजळलेले दिसले, तर ते रोगामुळे की गळतीमुळे, हे सांगणे कठीण होते. पोटातील गळू किंवा मूत्रपिंडाचा संसर्ग शोधायचा असेल, तर इंडियमची साक्ष अधिक विश्वसनीय. टेक्नेशियमने पोट पाहायचे, तर पहिल्या तास-दोन तासांतच पाहिले पाहिजे. उलट मधुमेही रुग्णाच्या पायातील लहान हाडांत संसर्ग पोहोचला आहे काय, हे पाहताना बारीक तपशील लागतो आणि आतड्यांचा प्रश्न उद्भवत नाही. तेथे टेक्नेशियमच बरे. शेतात अनवाणी राबणाऱ्या आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेल्या माणसाला ही तपासणी पाय वाचविण्याच्या कामी येऊ शकते.

येथपर्यंत टेक्नेशियमचे पारडे जड वाटते. आता ज्या आजारामुळे आम्ही हा विषय निवडला, तो सिकल सेलचा आजार पाहू. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर, साक्री या तालुक्यांच्या डोंगरी पट्ट्यांतील भिल्ल, पावरा समाजांत, तसेच १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो केवळ आदिवासींचा आहे असेही नाही. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, अनुसूचित जातींमध्येही तो आढळतो. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या परिसरात नोंदविला गेला. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू होण्यास १ जुलै २०२३ उजाडावा लागला. मधल्या एकाहत्तर वर्षांवर इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पुष्कळ लिहिता येईल. तो या लेखाचा विषय नाही.

या आजारात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडाचा रक्तपुरवठा तुटला, की त्या भागात असह्य वेदना होतात, सूज येते, ताप येतो. हाडात जंतुसंसर्ग झाला, तरी नेमके हेच होते, आणि सिकलग्रस्तांना असा संसर्ग होण्याचा धोका इतरांहून अधिक असतो. साल्मोनेला जातीचे जंतू त्यांच्या हाडांत विशेष आढळतात. पहिल्या प्रकारात सलाईन, वेदनाशामक औषध आणि विश्रांती हा उपचार. दुसऱ्या प्रकारात कित्येक आठवडे प्रतिजैविके, कधी शस्त्रक्रिया. रक्तपुरवठा तुटण्याचे प्रसंग कितीतरी पटींनी अधिक घडतात, म्हणून प्रत्येक वेळी संसर्गाचे उपचार करणे चुकीचे. पण खरा संसर्ग ओळखायचा राहिला, तर मुलाचे हाड कायमचे खराब होते. डॉक्टर प्रथम रक्ततपासणी, सोनोग्राफी, जेथे शक्य तेथे एमआरआय करतात. हाडातून सुईने द्रव काढून जंतू वाढवून पाहणे हा सर्वांत थेट पुरावा. एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर खूण केलेल्या पांढऱ्या पेशींची पाळी येते.

आणि येथे एक नवीनच पेच पडतो. पांढऱ्या पेशी केवळ जंतूंकडे जातात असे नाही. त्या अस्थिमज्जेतही जातात, कारण ते त्यांचे जन्मस्थान. सिकलग्रस्त मुलाची मज्जा पसरलेली आणि ठिकठिकाणी विस्कळीत झालेली असते. चित्रात मांडीचे हाड उजळलेले दिसले, तर तेथे जंतू आहेत की निरोगी मज्जा? याचा निवाडा करण्यासाठी दुसरे चित्र काढतात. टेक्नेशियमचे गंधक-कलिल टोचले, की ते मज्जेत जाते, पण संसर्ग झालेल्या जागी जात नाही. दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. पांढऱ्या पेशी आहेत आणि कलिलही आहे, तर ती मज्जा होय. पांढऱ्या पेशी आहेत, पण कलिल नाही, तर संसर्गाचा संशय बळावतो. एक साक्षीदार दुसऱ्याने तपासून घेण्याची ही पद्धत आम्हांला फार पटली.

आता विद्यार्थ्यांनी किरणांच्या ऊर्जा आठवाव्यात. टेक्नेशियमची १४०. इंडियमच्या दोन, १७१ आणि २४५. पांढऱ्या पेशींवर इंडियमची खूण केली असेल आणि कलिलात टेक्नेशियम असेल, तर कॅमेरा दोघांचे किरण ऊर्जेवरून वेगळे ओळखतो आणि दोन्ही चित्रे एकाच बैठकीत, रुग्णाला न हलविता निघू शकतात. परंतु दोन्हीकडे टेक्नेशियमच असेल, तर कॅमेऱ्याला फरक कळणार नाही. पहिले टेक्नेशियम विरून जाईपर्यंत थांबावे लागेल, म्हणजे दोन-तीन दिवस. शिरपूरच्या डोंगरी पाड्यातून आपल्या मुलाला घेऊन मुंबईला गेलेल्या बापाचा हिशेब करून पाहावा. दोन-तीन दिवसांची मजुरी, राहण्याचा प्रश्न, घरी उरलेली मुले, आणि तळमळणारे लेकरू मांडीवर. औषधाच्या देयकात इंडियम महाग दिसते. या हिशेबात ते तितके महाग राहत नाही. दुसऱ्या बाजूला त्याच लेकराच्या प्लीहेवर पडणारा इंडियमचा भारही खोटा नाही, आणि भारतातील सिकलग्रस्तांची प्लीहा पुष्कळदा मोठ्या वयापर्यंत टिकून असते, हेही वैद्यकाने नोंदविले आहे. मुलाचे वय, दुखणारे हाड, त्या आठवड्यात काय उपलब्ध आहे आणि कुटुंब किती दिवस थांबू शकते, हे सारे पाहून डॉक्टरांनी ठरवावे. आमचे मत विचाराल, तर हे शेवटचे कारणही वैद्यकीय कारण मानले जावे आणि पालकांनी ते संकोच न करता सांगावे.

दोन्ही खुणा जेथे थिट्या पडतात, अशीही ठिकाणे आहेत. पाठीच्या कण्याच्या संसर्गात पांढऱ्या पेशी पुष्कळदा त्या जागी पोहोचतच नाहीत आणि चित्रात तो भाग उलट फिका दिसतो. क्षयरोगात लढणाऱ्या पेशी मुख्यतः वेगळ्या जातीच्या असतात, म्हणून मणक्याच्या क्षयासाठी ही तपासणी उपयोगी नाही. अशा वेळी पूर्वी गॅलियम-६७ वापरीत. आता फ्लोरिन-१८ युक्त साखरेची पेट तपासणी करतात. फ्लोरिनची खूण पांढऱ्या पेशींवरही करून पाहण्यात आली आहे. त्याची चित्रे देखणी येतात, परंतु त्याचे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. सहा तासांत दहावा हिस्सा उरतो आणि चोवीस तासांनी आठ-नऊ हजारांतला एक. दुसऱ्या दिवशीचे चित्र ज्या रुग्णाला हवे, त्याच्या ते कामाचे नाही.

तपासणीनंतर मूल वसतिगृहात परत येते, तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो. त्याच्या अंगात ‘अणू’ आहे, तर त्याला वेगळे झोपवावे काय? टेक्नेशियम दिले असेल, तर चोवीस तासांत त्याचा सोळावा हिस्सा उरतो. दोन दिवसांनी जे उरते, ते मोजदादीपुरतेच. इंडियम अधिक काळ राहते, चौदा दिवसांनी बत्तिसावा हिस्सा, पण त्याची मात्रा मुळातच अल्प असते. गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे यांच्या फार निकट किती वेळ राहू नये, याची सूचना रुग्णालय लेखी देते, आणि ती पाळावी. त्याचा अंथरुणाचा क्रम, त्याचे ताट, पाण्याचा पेला आणि वर्गातील बाक जेथे होता, तेथेच राहू द्यावा.